दरवाढीला विरोध करायचाय? मग आधी दार ओळखा

वाचकांचे प्रश्न : वीजबिल विशेष

वीज दरवाढीचा प्रस्ताव वर्तमानपत्रात छापून आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी घरपट्टी, म्युटेशन, पतसंस्थेतली ठेव असे विषय असतात. या दिवसांत फक्त वीजबिल. मी काही इंजिनियर नव्हे. सहकारी संस्थेत हिशेबनीस म्हणून आयुष्य गेले. निवृत्तीनंतर गोव्याच्या वीज खात्याच्या दरनिश्चितीच्या याचिका वाचायची खोड लागली. घरात तिला ‘रिकामटेकडेपणा’ म्हणतात. पण ताळेबंद तो ताळेबंद, संस्थेचा असो की खात्याचा. त्या नजरेने जमेल तशी उत्तरे देतो.

प्रश्न : काका, मागच्या खेपेला आम्ही बायका साखळीहून जनसुनावणीला पणजीला गेलो होतो. माईकवर सगळे तावातावाने बोलले, टाळ्या पडल्या, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोही आला. तरी दर वाढलेच. मग तिकिटाचे पैसे घालून जायचे तरी कशाला?
— एक गृहिणी, साखळी

ताई, तुमचा वैताग कळतो. पण त्या हॉलमध्ये तुम्ही कोणाशी बोलत होता, ते आधी पाहू.

दर वाढवून मागते ते वीज खाते. दर ठरवतो तो संयुक्त विद्युत नियामक आयोग. गोवा आणि (दिल्ली, जम्मू-काश्मीर, लडाख सोडून) केंद्रशासित प्रदेशांसाठी हा एकच आयोग आहे आणि त्याचे कार्यालय गुरुग्रामला आहे. सवलत द्यायची की नाही हे ठरवते राज्य सरकार. तीन दारे आहेत. आपले लोक काय करतात, तर आयोगासमोर उभे राहून मंत्र्यांना शिव्या घालतात आणि मंत्री गावात आले की आयोगाच्या नावाने बोटे मोडतात. दोघेही मान डोलावून निघून जातात.

सुनावणी ही काही उपकार म्हणून ठेवलेली नसते. विद्युत कायदा, २००३ च्या ६४ व्या कलमाप्रमाणे याचिकेचा गोषवारा प्रसिद्ध करावा लागतो, आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत आदेश काढायचा असतो. पुढची गोष्ट मात्र फारसे कोणी बघत नाही. आदेश निघतो तेव्हा त्यात एक संपूर्ण प्रकरण हरकतींचे असते. हरकत काय होती, त्यावर खात्याने काय उत्तर दिले आणि आयोगाचे मत काय, असे तिन्ही एकाखाली एक छापतात. ते प्रकरण काढून बघा. ‘महागाई वाढली आहे, सामान्य माणसाने जगायचे कसे’ या हरकतीखाली आयोगाचे उत्तर दोन ओळींचे असते : नोंद घेतली. त्याला तरी दुसरे काय लिहिता येणार? महागाईवर आदेश काढायचा त्याला अधिकारच नाही.

आता दुसऱ्या तऱ्हेची हरकत बघा. याचिकेत भांडवली कामांचा तक्ता असतो : नवे ट्रान्सफॉर्मर, भूमिगत केबल, उपकेंद्राची क्षमतावाढ. ही कामे पुरी होऊन वापरात आली असे धरून त्यांच्यावरचे व्याज आणि घसारा (दरवर्षीच्या झिजेची रक्कम) खर्चात घेतात, आणि तो खर्च तुमच्या युनिटमध्ये उतरतो. काम झालेच नसेल तर तो आकडा खर्चात असायचे कारण नाही. गुरुग्रामला बसलेल्या माणसाला तुमच्या वाड्यावर ट्रान्सफॉर्मर बसला की नाही हे कसे दिसणार? तुम्हाला दिसते. खांबावर जुनाच पत्र्याचा डबा लोंबकळतोय आणि पावसाची पहिली सर आली की तासनतास काळोख, हे तुम्ही तारखांसकट सांगू शकता. ‘तक्त्यातले अमुक काम आमच्या भागात दिसत नाही, ते पुरे झाल्याचा दाखला कुठे आहे?’ असे लेखी विचारले की खात्याला आकड्यांनी उत्तर द्यावे लागते. अशा हरकतीने सगळी वाढ रद्द होणार नाही. पण वाढ किती, यावर परिणाम होतो तो अशाच हरकतींचा.

तेव्हा जा, जरूर जा. कोकणीत बोला, मराठीत बोला. फक्त जाण्याआधी लेखी द्या, मुदतीत द्या, आणि बोलताना एकच मुद्दा धरा. माईक तीन मिनिटांत काढून घेतात, त्यातली दोन ‘व्यासपीठावरील मान्यवर’ म्हणण्यात घालवू नका.

प्रश्न : सरकारी खात्यांची आणि बड्या ग्राहकांची थकबाकी आधी वसूल करा, मगच दर वाढवा. हा मुद्दा बिनतोड आहे ना? आम्ही पत्रकात तोच पहिला घातला आहे.
— ग्राहक मंचाचा कार्यकर्ता, फोंडा

भाऊ, मुद्दा रास्त आहे, बिनतोड नाही. दर ठरतात ते बिल किती रकमेचे निघणार यावर, वसुली किती झाली यावर नव्हे. थकबाकीदाराचे न भरलेले बिल हिशेबात ‘उत्पन्न’ म्हणूनच धरलेले असते. त्यामुळे तुम्ही थकबाकीचा मुद्दा काढला की खाते शांतपणे सांगते, ‘याचा दराशी संबंध नाही’, आणि कागदावर ते खरे ठरते. तुमच्या पत्रकाचा पहिलाच मुद्दा पहिल्या मिनिटाला गारद.

तो असा मांडा : थकबाकीपोटी बुडीत कर्जाची तरतूद मागितली आहे का? असल्यास किती? ती रक्कम खरोखर निर्लेखित झाली आहे का, म्हणजे येणे नाही म्हणून हिशेबातून काढून टाकली आहे का, की नुसती तरतूद? इथे खात्याला पळवाट नाही. बाकी वसुलीसाठी दार वेगळे. तिथे आमदाराला गाठा आणि विधानसभेत प्रश्न विचारायला लावा. २०२० साली थकबाकीदारांसाठी एकरकमी तडजोडीची योजनाही आणली होती. वेळेवर बिल भरणाऱ्याला अशा योजनांतून काय मिळते, हा प्रश्न मी दर वेळी विचारतो, आणि दर वेळी सगळे हसतात.

पत्रकात पहिला घालण्यासारखा मुद्दा गळतीचा आहे. वीज घेतली किती आणि ग्राहकांना मोजून दिली किती, यातला फरक. आयोग गळतीची मर्यादा ठरवून देतो. त्यापलीकडे जी गळेल तिचा खर्च ग्राहकाच्या माथी मारता येत नाही. अंदाजाचे आकडे नंतर प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून फेरहिशेब होतो, ज्याला याचिकेत ‘ट्रू-अप’ म्हणतात; तिथे मंजूर गळती आणि प्रत्यक्ष गळती शेजारी-शेजारी छापलेली असते. तो तक्ता मोठ्या अक्षरात झेरॉक्स करून सुनावणीला न्या.

प्रश्न : माझा मुलगा लंडनला आणि मुलगी दुबईला. म्हापशाजवळचे वडिलोपार्जित घर वर्षातले बरेच महिने बंद असते. तरी बिल येते. आता म्हणे स्थिर आकारही वाढणार. न जाळलेल्या विजेचे पैसे का द्यायचे?
— एक वाचक, बार्देश

गोव्यात अशी कुलूपबंद घरे वाड्यावाड्यावर आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

स्थिर आकार विजेचा नसतो. तो तुमच्यासाठी राखून ठेवलेल्या क्षमतेचा असतो आणि किलोवॅटमागे लागतो. दरवाढीच्या बातमीत ‘सरासरी अमुक टक्के’ असा एकच आकडा येतो आणि खरी गंमत त्याच्या आत असते. सोयीसाठी असे धरा, स्थिर आकार किलोवॅटमागे दुप्पट केला आणि युनिटचा दर जवळपास तसाच ठेवला. सरासरी वाढ किरकोळ दिसेल. एसी लावून ५०० युनिट जाळणाऱ्याला ती जाणवणारही नाही. तुमच्या बंद घराचे बिल मात्र दुप्पट होईल, आणि दोन बल्ब नि एक पंखा असलेल्या म्हातारीचेही बरेच वाढेल. म्हणून हरकत घेताना सरासरीवर जाऊ नका. ‘स्थिर आकारातली वाढ कमी वापराच्या ग्राहकाच्या एकूण बिलावर किती टक्के पडते ते मांडून दाखवा’ अशी मागणी करा.

आणि बिलावर मंजूर भार, म्हणजे तुमच्या नावे राखलेले किलोवॅट, किती लिहिला आहे, तेही पाहून घ्या. घर बांधताना गिझर, पंप, ओव्हन धरून पाच किलोवॅट घेतलेले असतात, आणि आता तिथे फक्त देवघरातला दिवा नि फ्रिज. भार कमी करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. तेवढे केलेत तर वाढ झाली तरी निम्म्या भारावर होईल.

प्रश्न : बिल ३०० युनिटच्या वर गेले की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, असे घरमालक म्हणतात. खरे का? आमचे रीडिंगही कधी वेळेवर होत नाही.
— भाड्याने राहणारी नोकरदार, पर्वरी

नाही बाय, घरमालकांना सांगा की टप्पे पायरीचे आहेत. घरगुती वापराला १००, २००, ३००, ४०० अशा पायऱ्या आहेत. १८० युनिट झाले तर पहिल्या १०० ना पहिला दर आणि उरलेल्या ८० नाच दुसरा. ३०१ वे युनिट महाग पडते, पहिले युनिट तेवढेच राहते.

रीडिंग उशिरा झाले तर पायऱ्याही दिवसांच्या प्रमाणात रुंदावल्या पाहिजेत. ४५ दिवसांनी मीटर वाचला असेल तर पहिली पायरी १०० ची नाही, १५० ची. बिलावरच्या मागच्या आणि आताच्या रीडिंगच्या तारखा बघा आणि गुणाकार करून पडताळा. जुळत नसेल तर तो दरवाढीचा नव्हे, बिल दुरुस्तीचा विषय. आधी उपविभागाच्या कार्यालयात लेखी, पोच घेऊन. तिथे दाद नाही लागली तर ग्राहक गाऱ्हाणी निवारण मंच, आणि त्याच्यावर विजेच्या तक्रारींचा विद्युत लोकपाल. वकील लागत नाही.

इंधन आणि वीजखरेदीच्या समायोजनाची, म्हणजे तो खर्च अंदाजाहून कमी-जास्त झाला त्याच्या फरकाची, ओळही बिलावर असते. ती दर महिन्याला खाली-वर होते. तिच्यासाठी सुनावणी होत नाही. वीज शुल्क ही आणखी वेगळी ओळ. ते १९८६ च्या राज्याच्या कायद्याखाली घेतले जाते, आयोगाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

प्रश्न : बांद्याच्या माझ्या मेहुण्याचे बिल माझ्यापेक्षा किती तरी जास्त येते. आपल्याकडे वीज स्वस्त असताना आपण रडतो कशाला?
— एक दुकानदार, पेडणे

तुमचा मेहुणा खरे बोलतो. आपले घरगुती दर महाराष्ट्रापेक्षा कमी आहेत, आणि हे सुनावणीत कोणी मोकळेपणाने मान्य करत नाही. मी करतो. खोटे बोलून जिंकलेला मुद्दा पुढच्या वर्षी अंगावर येतो.

कमी का, तेही माहीत असू द्या. गोव्यात मोठी वीजनिर्मिती नाही. आपली वीज येते ती कोरबा, विंध्याचल अशा केंद्रीय औष्णिक प्रकल्पांतल्या वाट्यातून, थोडी तारापूर-काकरापारच्या अणुप्रकल्पांतून, आणि कमी पडली की बाजारातून. जुन्या कोळसा प्रकल्पांची वीज स्वस्त पडते. बाजारातली संध्याकाळच्या वेळची महाग. याचिकेतला सगळ्यात मोठा खर्च हाच, वीजखरेदीचा. बाजारातून ऐनवेळी किती घेतली, कोणत्या दराने आणि आधी करार का केला नाही, हे विचारणारा माणूस मला सुनावणीत हवा आहे.

दुसरे कारण उद्योग. कारखाने सरासरी खर्चाहून जास्त दर भरतात आणि त्यातून घरगुती ग्राहकाचा भार हलका होतो. २०१६ च्या राष्ट्रीय दर धोरणाने हा फरक सरासरी खर्चाच्या २० टक्के वर-खाली एवढ्यात आणायला सांगितले आहे. म्हणजे ‘उद्योगांवर टाका, आम्हाला सोडा’ या घोषणेला कायद्याची मर्यादा आहे. आपल्याकडे उलटाही इतिहास आहे. १९९१ साली उद्योगांना वीजदरात २५ टक्के सवलत देणारी अधिसूचना निघाली. ते लफडे इतके लांबले की २००२ मध्ये त्या सवलतीची पुढची देणी थांबवायला स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो २०१० मध्ये उचलून धरला. सवलत जाहीर करणे सोपे असते. ती कोणाच्या खिशातून जाते हे कळायला वीस वर्षे लागतात.

म्हणूनच ‘सरकार वाढ सोसणार’ अशी बातमी आली की हुरळून जाऊ नका. कायद्याचे ६५ वे कलम सांगते, सवलत द्यायची तर सरकारने तिची रक्कम आगाऊ भरावी. न भरल्यास आयोगाचाच दर लागू. तेव्हा घोषणा ऐकून टाळ्या वाजवण्याआधी अर्थसंकल्पात ती रक्कम कोणत्या शीर्षाखाली आहे ते विचारा.

प्रश्न : माझी पिठाची गिरण आहे. स्मार्ट मीटर बसला की दिवसाच्या वेळेप्रमाणे दर लागणार, असे ऐकतो. धंदा बसेल का?
— गिरणीवाला, डिचोली

गिरण दिवसा चालते ना? मग घाबरू नका. केंद्राच्या २०२३ च्या नियमदुरुस्तीप्रमाणे, ऊन असलेल्या आठ तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे. जास्त मागणीच्या वेळी व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकाला नेहमीच्या दराच्या किमान १.२० पट, इतरांना किमान १.१० पट. दळण सकाळी अकरापासून दुपारपर्यंत उरकता आले तर तुमचा फायदाच. अडचण त्यांची, ज्यांचे गिऱ्हाईक संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर डबा घेऊन येते. सुनावणीत हेच सांगा : छोट्या गिरणीला गिऱ्हाइकाची वेळ बदलता येत नाही, लहान भाराच्या व्यावसायिकांचा वेगळा विचार करा.

त्याच नियमांत तुमच्या कामाच्या आणखी दोन गोष्टी आहेत. नव्या मीटरने नोंदवलेल्या मागणीवरून, म्हणजे एका वेळी ओढलेल्या सर्वाधिक भारावरून, मीटर बसण्याआधीच्या काळाचा दंड लावता येत नाही. आणि मंजूर भार एकदा ओलांडला म्हणून लगेच वाढवता येत नाही; वर्षात किमान तीनदा ओलांडलेला हवा. दिवाळीच्या आठवड्यात दोन्ही चक्क्या एकदम चालू केल्यात आणि कोणी भार वाढवायला आला, तर हे त्याच्यापुढे ठेवा.

प्रश्न : ही दरवाढ म्हणजे खाते खासगी कंपनीला विकायची पूर्वतयारी आहे का?
— निवृत्त शिक्षक, मडगाव

सर, मनातले कोण जाणे. घडले ते एवढे : २०२० मध्ये केंद्राने केंद्रशासित प्रदेशांतील वीजवितरण खासगी करायचे जाहीर केले. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवचे वितरण २०२२ मध्ये आणि चंडीगढचे २०२५ मध्ये खासगी कंपन्यांकडे गेले. दोन्ही ठिकाणी आयोग आपलाच. गोवा राज्य आहे, इथे तो निर्णय राज्य सरकारने घ्यावा लागेल. दराच्या सुनावणीत हा विषय काढला तर ‘या याचिकेच्या कक्षेबाहेर’ असे उत्तर मिळेल आणि तुमची तीन मिनिटे संपतील. ग्रामसभेत, पालिकेत ठराव घ्या.

प्रश्न : हे सगळे वाचून समजते, पण लिहायला बसले की सुचत नाही. एखादा मसुदा द्याल का?
— स्वयंसाहाय्य गटाची सचिव, वाळपई

देतो. साध्या कागदावर, हाताने लिहिले तरी चालेल. नाव, पत्ता आणि बिलावरचा ग्राहक क्रमांक वर घाला. पत्र आयोगाच्या सचिवांच्या नावे, प्रत मुख्य वीज अभियंत्यांना. शेवटची तारीख जाहीर सूचनेत असते. टपालाने पाठवणार असाल तर चार दिवस आधी टाका.

‘महोदय, वीज खात्याच्या दरवाढीच्या याचिकेवर माझी हरकत पुढीलप्रमाणे. मी घरगुती ग्राहक असून माझा महिन्याचा वापर साधारण अमुक युनिट आहे. प्रस्तावाप्रमाणे माझे बिल अमुक रुपयांवरून अमुक होईल, म्हणजे वाढ अमुक टक्के. जाहीर केलेल्या सरासरीहून ती जास्त आहे, कारण स्थिर आकार वाढवला आहे. याचिकेच्या अमुक पानावर आमच्या भागातले अमुक काम दाखवले आहे. ते आजवर झालेले नाही. त्यावरील व्याज व घसारा अमान्य करावा. मंजूर मर्यादेपलीकडील गळतीचा खर्च ग्राहकांवर टाकू नये. मला सुनावणीत बोलण्याची संधी द्यावी.’

गटातल्या सगळ्यांनी एकच मजकूर उतरवून सह्या करू नका. तसे केले की आयोग सगळी पत्रे एका हरकतीत गुंडाळतो. एकीने स्थिर आकार घ्यावा, दुसरीने ट्रान्सफॉर्मर, तिसरीने गळती. मागच्या तीन बिलांच्या झेरॉक्स जोडा. आणि प्रत स्थानिक कार्यालयात देताना दुसऱ्या कागदावर शिक्का मारून घ्या, ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणाले तरी बाकावर बसून राहा.